मकपेलाच्या गुहेचें खरेदीखत

जेरुसलेमच्या दक्षिणेस सुमारें २० मैलांवर, डोंगराळ मुलुखांत, हेब्रॉन नांवाचें एक फार जुनें शहर आहे. अरब लोक त्यास अल्-खलील म्हणतात. खलील म्हणजे मित्र. ईश्वराचा मित्र जो इब्राहीम, त्याच्यावरून हें नांव पडलें. ज्यू लोक त्याच पुरुषास अब्राहाम म्हणून आपला मूळपुरुष मानतात. त्याची समाधि ह्या शहरांतील एका गुहेवर दाखविली जाते. ज्यू आणि अरब ह्यांच्यामधील कलह धर्माचा कीं जमिनीचा, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचें उत्तर शोधावयास ह्या गुहेइतकी सोईची जागा दुसरी नाहीं.

बायबलांतील 'उत्पत्ति' ह्या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायांत गुहेची हकीकत आली आहे. अब्राहामची पत्नी सारा हेब्रॉन येथें वारली. अब्राहाम त्या देशांत उपरा. वीतभर भूमिही त्याची स्वतःची नव्हती. पत्नीस मूठमाती देण्यासाठीं त्यानें मकपेला येथील गुहा मागितली. मालक एफ्रोन हित्ती ह्यानें गुहाच काय, पण शेतही फुकट देऊं केलें. अब्राहाम तें घेईना. तेव्हां एफ्रोननें सहज बोलल्यासारखें करून किंमत सांगितली : चांदीचे ४०० शेकेल. अब्राहामनें घासाघीस न करतां गांवच्या वेशींत, सर्वांसमक्ष, चांदी तोलून दिली. शेत, गुहा आणि चतुःसीमेच्या आंतील सर्व झाडें, एवढा तपशील ग्रंथकारानें नोंदला आहे. 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण' असा मजकूर असलेल्या जुन्या मराठी सनदा ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस ही भाषा परकी वाटणार नाहीं.

अब्राहाम ह्या व्यक्तीस धर्मग्रंथांबाहेर समकालीन पुरावा नाहीं. हा अध्याय इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकाच्या सुमारास आजच्या रूपास आला, असें अनेक संशोधक मानतात. इ. स. पूर्व ५८६ मध्यें बाबिलोनच्या सैन्यानें जेरुसलेम आणि तेथील मंदिर ह्यांचा विध्वंस केला व ज्यूंतील अनेकांस बंदिवान करून नेलें. त्या काळीं राष्ट्राचें दैवत राष्ट्राच्या भूमीशीं बांधलेलें असे. मंदिर पडलें कीं बहुधा दैवतही विस्मृत होई. ज्यूंनीं मात्र दैवत सोडलें नाहीं. मंदिराच्या जागीं त्यांनीं ग्रंथ ठेवला, आणि गमावलेली भूमि ईश्वराचें वचन म्हणून त्या ग्रंथांत जपून ठेवली. ज्यांची जमीन गेली, त्यांच्याच धर्मग्रंथांत जमिनीचें खरेदीखत इतक्या काळजीनें लिहिलेलें सांपडावें, हा निव्वळ योगायोग म्हणवत नाहीं.

सातव्या शतकांत इस्लामचा उदय झाला, तेव्हां त्यानेंही हाच पूर्वज पूज्य मानला. इब्राहीम आणि त्याचा पुत्र इस्माईल ह्यांनीं काबागृहाचा पाया उभारला, असें कुराण सांगतें. म्हणजे दोन धर्मांत भांडण लागावें तें दोन निरनिराळ्या पूर्वजांवरून नव्हे. उत्पत्तींत तर असेंही लिहिलें आहे कीं, अब्राहाम वारला तेव्हां इसहाक व इश्माएल ह्या दोघां पुत्रांनीं मिळून त्यास ह्याच गुहेंत पुरलें. ह्या ओळीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

गुहेभोंवतालचा प्रचंड दगडी कोट हेरोद राजाच्या काळचा मानतात. त्याच्या आंत पुढें चर्च झालें, मशीद झाली, क्रूसयुद्धांत पुन्हां चर्च आणि सलादिननंतर पुन्हां मशीद. तेराव्या शतकांत सुलतान बायबर्स ह्यानें ज्यू व ख्रिस्ती ह्यांस आंत येण्याची बंदी केली. ज्यूंनीं बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच यावें, असा रिवाज पडला. तो सुमारें ७०० वर्षें टिकला. हा अपमान होता, ह्यांत शंका नाहीं. तथापि त्या दीर्घ काळांत ज्यू कुटुंबें त्याच शहरांत, समतेनें नसलीं तरी शेजाराच्या नात्यानें, राहत होतीं. आजच्या कलहाचें बीज पायरीपेक्षां दप्तरांत अधिक सांपडतें.

१८५८ सालीं तुर्की सरकारनें जमिनीचा नवा कायदा केला. पॅलेस्टाइनमधील पुष्कळ खेड्यांत जमीन गांवाची सामाईक असे व ठराविक काळानें तिची वांटणी होई. नव्या कायद्यानें प्रत्येक तुकड्यास नोंदलेला धनी हवा झाला. नांव लागलें कीं कर येईल, सैन्यांत भरती येईल, ह्या भयानें अनेक शेतकऱ्यांनीं जमिनी शहरांतील बड्या लोकांच्या नांवें लागूं दिल्या. कसणारा तेथेंच राहिला, परंतु कागदावर तो कूळ झाला. खोतीचा इतिहास ठाऊक असलेल्या कोंकणस्थ माणसास हें अधिक सांगावयास नको.

बैरूटच्या सुर्सुक घराण्याकडे मर्ज इब्न आमिरचें सुपीक खोरें आलें, तें ह्याच काळांत. इकडे युरोपांत ज्यूंचा छळ वाढत होता. १८९७ मध्यें बाझल येथें पहिली झायोनिस्ट परिषद भरली व १९०१ मध्यें जमीन खरेदीसाठीं ज्यू राष्ट्रीय निधि स्थापन झाला. १९१७ मध्यें बाल्फोरनें ब्रिटनचें आश्वासन दिलें. १९२०-२५ च्या दरम्यान सुर्सुकांनीं खोऱ्यांतील मोठमोठे पट्टे विकले. पैसे रोख मिळाले, खत कायदेशीर होतें. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारीं कुळें मात्र उठविलीं गेलीं. निधीची जमीन पुन्हां विकावयाची नाहीं आणि तीवर ज्यूंखेरीज मजूर लावावयाचा नाहीं, असा करार असे. १९३० मध्यें सर जॉन होप सिम्प्सन ह्यांनीं चौकशी करून नेमकें ह्याच करारावर बोट ठेवलें. हे गृहस्थ पूर्वीं हिंदुस्थानांत सनदी नोकरींत होते. बेदखल कूळ म्हणजे काय, हें त्यांस शिकवावें लागलें नसावें.

त्याच्या आदल्याच वर्षीं हेब्रॉनवर घाला पडला होता. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीवरून तंटा पेटला आणि २४ ऑगस्ट १९२९ रोजीं हेब्रॉनमध्यें ६७ ज्यू मारले गेले. त्यांतील पुष्कळांचा जमीन खरेदीशीं कांहीं संबंध नव्हता; ते जुने रहिवासी किंवा धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते. अनेकांचे प्राण अरब शेजाऱ्यांनींच घरांत लपवून वांचविले. उरलेल्यांस ब्रिटिशांनीं शहराबाहेर नेलें आणि तो शतकांचा शेजार मोडला.

पुढें नाझींनीं साठ लाख ज्यूंचा संहार केला. १९४७ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं फाळणी ठरविली, तेव्हां ज्यूंच्या नांवें देशांतील शेंकडा सात इतकीही जमीन नव्हती. योजनेंत त्यांस निम्म्याहून अधिक प्रदेश मिळाला. भारतानें फाळणीविरुद्ध मत दिलें. १९४८ च्या युद्धांत सुमारें सात लाख अरब निर्वासित झाले, आणि त्यांच्या घरांवर व शेतांवर १९५० च्या गैरहजर मालमत्ता कायद्यानें इस्रायल सरकारचा ताबा आला. अरब देशांतून लक्षावधि ज्यूंनाही घरदार सोडून निघावें लागलें.

१९६७ मध्यें हेब्रॉन इस्रायलच्या हातीं आलें व सातव्या पायरीचा निर्बंध संपला. पुढच्याच वर्षीं ज्यू वसाहतवाले शहरांत येऊन बसले. आधारास त्यांनीं १९२९ चे मृत आणि अब्राहामचे ४०० शेकेल पुढें केले. २५ फेब्रुवारी १९९४ रोजीं रमजानच्या पहांटेच्या नमाजांत एका वसाहतवाल्यानें गोळीबार करून २९ मुसलमानांस ठार केलें. त्यानंतर वास्तूचीच वांटणी झाली. इसहाकाच्या समाधीचें दालन मुसलमानांकडे, याकोबाचें ज्यूंकडे. वर्षांतून दहा दिवस सर्व वास्तु एकांस आणि दहा दिवस दुसऱ्यांस. १९९७ च्या करारानें शहरही दोन भागांत विभागलें.

अब्राहामची समाधि मध्यें आहे. तिच्याकडे पाहण्यासाठीं दोन्ही बाजूंस जाळीच्या खिडक्या आहेत. खालची गुहा बंद आहे.