सोलरची टाकी उंचावर का?

तांब्याच्या बंबाशी ज्यांनी आंघोळीआधी झटापट केली आहे, त्यांना हे ठाऊक आहे: नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर पडतं. गार पाणी जड, ते नळीतून थेट तळाशी जातं. कढत पाणी हलकं, ते वर राहतं. गच्चीवरचा सोलर हा या बंबाचा चुलतभाऊ. सरपणाच्या जागी ऊन, एवढंच.

त्याचं जन्मगाव मात्र अमेरिकेत. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी 1891 मध्ये 'क्लायमॅक्स' या हीटरचं पेटंट घेतलं. काचेच्या झाकणाची पेटी, आत काळ्या रंगवलेल्या पाण्याच्या टाक्या. दुपारी पाणी झकास तापायचं, पण सकाळी आंघोळीच्या वेळी पुन्हा गार! काचेआडची ती उघडी टाकी रात्रभरात सगळी ऊब गमावून बसायची.

1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवणं आणि साठवणं यांची फारकत केली. उन्हात फक्त नळ्या. त्यांच्याहून उंचावर, जाड वेष्टनातली टाकी. नाव 'डे अँड नाइट'. पाणी चढवायला पंप नाही, कारण लागतच नाही. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यापेक्षा 60 अंशांचं लिटरभर पाणी सुमारे 15 ग्रॅमनं हलकं भरतं. विशीतून साठीत जाताना पाण्याचं वजन घटतं, आपल्या अगदी उलट. एवढ्याशा फरकावर गार पाणी टाकीच्या तळातून नळ्यांकडे उतरतं, तापलेलं टाकीत चढतं, आणि ऊन आहे तोवर हे रहाटगाडगं चालू राहतं. बेलींची खरी हुशारी मला वेष्टनापेक्षा टाकीच्या उंचीत दिसते.

1913 च्या कडाक्याच्या थंडीत नळ्यांतलं पाणी गोठून नळ्या फुटल्या, तेव्हा त्यांनी नळ्यांत न गोठणारा द्रव फिरवून टाकीतलं पाणी तापवलं. पुढे तिथे स्वस्त नैसर्गिक वायू आला आणि धंदा बसला.

आमच्या ओळखीच्या एकांनी गच्चीवर 'दिसायला बरं' म्हणून टाकी पॅनेलच्या बरोबरीला उतरवली. दिवसा पाणी तापलं. रात्री पॅनेलमधलं पाणी निवून जड झालं, खालच्या नळीनं टाकीत शिरलं, आणि टाकीतलं कढत पाणी वरच्या नळीनं निघालं आभाळ तापवायला.