मॅकइंटायर कुटुंब आणि काटेरी तार : एका शालेय इयरबुकाची गोष्ट (थ्रेड)

१९४४ सालच्या एका अमेरिकी हायस्कूलच्या इयरबुकात विद्यार्थ्यांनी बसवलेल्या नाटकाचा छोटासा परिचय आहे. नाटकाचे नाव 'ग्रोइंग पेन्स'. मॅकइंटायर हे चारचौघांसारखे अमेरिकी कुटुंब, वयात येणारी मुले आणि त्यांच्या गोंधळापुढे हात टेकलेले आईवडील, असे त्याचे कथानक. मजकूर कोणत्याही शाळेच्या इयरबुकात सहज खपून जावा असा. त्यानंतर भूमिका करणाऱ्यांची नावे येतात आणि वाचक थबकतो. मॅकइंटायर मंडळींची आडनावे जपानी आहेत.

ही शाळा म्हणजे कॅलिफोर्नियातील मंझनार हायस्कूल. ती काटेरी तारांच्या आत होती. इयरबुकाचे नाव होते 'आवर वर्ल्ड', म्हणजे 'आमचे जग'.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्र. ९०६६ काढला आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवण्यात आले. सुमारे १,२०,००० माणसे दहा छावण्यांत कोंडली गेली. त्यांतील जवळपास दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. ना आरोप, ना खटला.

मंझनार हा स्पॅनिश शब्द. अर्थ, सफरचंदांची बाग. सिएरा नेवाडाच्या पूर्व पायथ्याशी, ओवेन्स खोऱ्यात, एकेकाळी खरोखरच फळबागायतदारांचे गाव होते. पाण्याच्या हक्कांसाठी लॉस एंजेलिस शहराने तिथल्या जमिनी विकत घेतल्या आणि गाव उठले. म्हणजे या जागेवरून माणसे हलण्याची ही पहिली वेळ नव्हती. मार्च १९४२ पासून तिथे डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी बराकी उभ्या राहू लागल्या आणि काही महिन्यांत त्यांत दहा हजारांवर लोक राहू लागले.

इतक्या लोकांत शाळकरी मुलेही आली, आणि मुले म्हटली की शाळा आली. १९४२च्या शरदात वर्ग भरले तेव्हा बाकेसुद्धा नव्हती. मुले जमिनीवर बसत. अशा शाळेने दोन वर्षांत इयरबुक काढले. त्यामागची ओढ समजण्यासाठी अमेरिकी शालेय जीवनातील या पुस्तकाचे स्थान ध्यानात घ्यावे लागते.

आपल्याकडच्या शाळांचे हस्तलिखित किंवा वार्षिकांक कथा-कवितांसाठी असतात. अमेरिकी इयरबुकाचा हेतू वेगळा : कोण होते, कोणाबरोबर होते, काय करत होते, याची नोंद. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यू इंग्लंडमधील महाविद्यालयांचे विद्यार्थी आपल्या वर्गमित्रांची छायाचित्रे घेऊन त्यांचे आल्बम बांधून घेत. बॉस्टन परिसरातील जॉर्ज वॉरन हा छायाचित्रकार याच कामासाठी नावाजलेला होता. पुढे हाफटोन छपाईमुळे छायाचित्रे मजकुराबरोबर स्वस्तात छापता येऊ लागली आणि ही प्रथा हायस्कुलांत पोहोचली. १९२०च्या दशकात शालेय प्रकाशनांचे मूल्यमापन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनाही निघाल्या. तोवर साचा घट्ट झाला होता : अर्पणपत्रिका, प्रास्ताविक, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची चित्रे, मंडळे, खेळ, नाटक, आणि स्वाक्षऱ्यांसाठी मोकळी जागा.

हा साचा नीरस आहे हे खरेच. पण त्यात एक शिस्त दडलेली आहे. इयरबुकातील चांगला मजकूर विशेषणांवर उभा राहत नाही. 'हे वर्ष अविस्मरणीय ठरले' हे वाक्य कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वर्षाला चिकटवता येते, म्हणून ते काहीच सांगत नाही. उलट, छायाचित्राखालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे दिलेली नावे, नाटकातल्या भूमिका, मंडळाने वर्षभरात केलेली कामे, हा मजकूर लिहिताना कंटाळवाणा वाटतो. पन्नास वर्षांनी तोच बोलतो. मंझनारच्या विद्यार्थ्यांनी साचा जसाच्या तसा उचलला आणि नेमक्या याच गोष्टी मन लावून लिहिल्या.

त्यामुळे 'आवर वर्ल्ड' चाळताना विलक्षण अनुभव येतो. पुस्तकांचे गठ्ठे छातीशी धरून चाललेली मुले दिसतात. मागे डांबरी कागदाच्या बराकी. खेळाडूंना प्रोत्साहन देणाऱ्या मुली हवेत उड्या मारताना दिसतात. मागे पुन्हा त्याच बराकी. प्रास्ताविकात विद्यार्थी सांगतात, की घरी जसे जीवन होते त्याच्या शक्य तितक्या जवळ जाणारे जीवन इथे उभारण्याचा शाळेचा प्रयत्न आहे. वाक्य साधे आहे, तक्रारीचा सूर नाही. मात्र जे 'जवळ जाणारे' आहे ते 'ते' नव्हे, हे त्या वाक्यानेच कबूल केले आहे.

छायाचित्रांचीही कथा आहे. तोयो मियाताके हे लॉस एंजेलिसच्या लिटल टोक्यो भागात १९२३ पासून स्टुडिओ चालवणारे छायाचित्रकार. जपानी वंशाच्या लोकांना कॅमेरा बाळगण्यास बंदी असताना त्यांनी एक भिंग आणि फिल्म होल्डर छावणीत लपवून आणला आणि एका सुताराकडून लाकडी पेटी करवून घेतली. जेवणाच्या डब्यासारखी दिसणारी ती पेटी हाच त्यांचा कॅमेरा. पुढे छावणीचे संचालक राल्फ मेरिट यांनी त्यांना छायाचित्रणाची परवानगी दिली, पण सुरुवातीला अट अशी, की रचना मियाताके यांनी करायची आणि कळ मात्र गोऱ्या कर्मचाऱ्याने दाबायची! नोकरशाहीच्या बुद्धीला दाद द्यावी अशी ही तडजोड होती.

आता प्रश्न असा, की हसऱ्या चेहऱ्यांचे हे पुस्तक पुरावा म्हणून कशाचे मानायचे? छावण्यांतील जीवन सुसह्य होते, याचे? युद्धकाळात सरकारला अशीच चित्रे हवी होती. १९४२ साली डोरोथिया लँग यांनी सरकारसाठीच मंझनारची छायाचित्रे घेतली. त्यांतली अस्वस्थता जाणवल्यावर लष्कराने ती युद्ध संपेपर्यंत दडपून ठेवली. छावणीच्या वृत्तपत्राचे नाव होते 'मंझनार फ्री प्रेस', आणि त्यावर देखरेख प्रशासनाची. अशा ठिकाणी शाळेच्या पुस्तकात काय छापता येईल, हे मुलांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

म्हणून शेजारी काय घडत होते ते मांडून हे इयरबुक वाचावे लागते. ६ डिसेंबर १९४२ रोजी छावणीतील निदर्शकांवर लष्करी पोलिसांनी गोळीबार केला. दोन तरुण मृत्युमुखी पडले, त्यांतला एक सतरा वर्षांचा होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये सतरा वर्षांवरील सर्वांपुढे निष्ठेची प्रश्नावली ठेवण्यात आली : सैन्यात जाल का, जपानच्या सम्राटावरील निष्ठा सोडून अमेरिकेशी एकनिष्ठ राहाल का? जे निष्ठा कधी नव्हतीच ती सोडायची कशी, हा पेच तरुणांपुढे उभा राहिला. 'नाही' म्हणणाऱ्यांची रवानगी टुली लेकच्या छावणीत झाली. मंझनारमधून मोठ्या संख्येने लोक तिकडे हलवले गेले. जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या या पिढीसाठी, म्हणजे निसेईंसाठी, सक्तीची सैन्यभरती पुन्हा लागू झाली. ज्या वर्षी 'आवर वर्ल्ड'मधली मुले पदवीचा झगा घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, त्याच वर्षी त्यांच्यातल्या मुलांना त्याच सरकारसाठी लढायला जाण्याची नोटीस येऊ शकत होती.

हे कळल्यावर 'ग्रोइंग पेन्स'चा परिचय दुसऱ्यांदा वाचावा. लिहिणाऱ्याने उपरोध केलेला नाही. बहुधा त्याच्या मनातही नसावा. त्याने फक्त कथानक सांगितले आणि भूमिकांसमोर खरी नावे लिहिली. 'ठरावीक अमेरिकी कुटुंब' हा शब्दप्रयोग आणि ती नावे एकमेकांशेजारी आली आणि जे संपादकीयात लिहिता आले नसते ते कागदावर उतरले. ही मुले स्वतःला अमेरिकी मानत होती, आणि कोणी हरकत घेईल अशी शंकाही त्यांनी मजकुरात येऊ दिली नाही. याला भाबडेपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्या राज्ययंत्रणेने त्यांना वंशावरून वेगळे काढले, तिच्यासमोर 'आम्ही इतर शाळांसारखीच शाळा आहोत' हे पानामागून पान दाखवत राहणे ही निव्वळ आज्ञाधारकता नव्हती.

पुढच्या वर्षी सूर बदलला. १९४५च्या इयरबुकाचे नाव 'व्हॅलेडिक्शन', म्हणजे निरोप. त्यात मियाताके यांचे एक छायाचित्र आहे : काटेरी तार, आणि ती तोडायला पुढे आलेली हातातली पक्कड. शब्दांत न बसलेले वाक्य चित्राने पूर्ण केले. तोवर छावण्या बंद होणार हे ठरले होते, एवढा फरक मात्र विसरू नये.

२१ नोव्हेंबर १९४५ रोजी मंझनार बंद झाले. बराकी मोडून विकल्या गेल्या. बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढची दोन-अडीच दशके मुलांबाळांपुढेही या विषयावर तोंड उघडले नाही. सातव्या वर्षी मंझनारला आलेल्या जीन वाकात्सुकी ह्यूस्टन यांनी पतीसह 'फेअरवेल टू मंझनार' हे आत्मकथन १९७३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा छावणीचे नित्य जीवन उभे करताना त्यांनी याच इयरबुकाकडे बोट दाखवले. मॅकइंटायर कुटुंब आणि त्याची नटमंडळी त्यांच्या पुस्तकातही भेटतात. १९८८च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला २०,००० डॉलर देऊ केले. १९९२ मध्ये मंझनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाले.

छावणीच्या मूळ इमारतींपैकी फारच थोड्या जागेवर उरल्या. त्यांत १९४४ साली बंदिवानांनीच बांधलेले शाळेचे सभागृह आहे. आज तिथे अभ्यागत केंद्र आहे.