दिनविशेष : ४ फेब्रुवारी – काळ्या जर्सीतला ग्रोशिच

हंगेरीचा गोलरक्षक ग्युला ग्रोशिच याचा जन्म १९२६ मध्ये आजच्याच दिवशी डोरोग या खाणगावात झाला. काळ्या पोशाखामुळे तो ‘ब्लॅक पँथर’ म्हणून ओळखला गेला. गोलजाळ्याला चिकटून न राहता पेनल्टी क्षेत्राबाहेर धावत येऊन तो चेंडू पायाने परतवी. जणू बचावफळीतला आणखी एक गडीच! आज हे नेहमीचे वाटते. त्या काळी ते धाडस होते.

१९५२ मध्ये हेलसिंकीत हंगेरीने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. पुढच्या वर्षी वेम्बलीवर इंग्लंडचा ६-३ असा धुव्वा उडवला. ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे विश्वचषकाचा अंतिम सामना भर पावसात झाला. आठव्या मिनिटालाच हंगेरी २-० अशी पुढे होती. पण पश्चिम जर्मनीने बरोबरी साधली आणि ८४व्या मिनिटाला हेल्मुट रानचा डाव्या पायाचा जमिनीलगतचा फटका ग्रोशिचच्या सुरालाही चुकवून कोपऱ्यात गेला. हंगेरी २-३ अशी हरली.

त्यानंतर हेरगिरीच्या संशयावरून त्याची चौकशी झाली आणि होनवेद हा क्लब सोडून त्याला तताबान्या क्लबकडून खेळावे लागले. तरीही १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक तो खेळलाच. देशासाठी सामने ८६.

फेरेन्तस्वारोश क्लबकडून खेळायची त्याची इच्छा मात्र सरकारी नकारामुळे राहून गेली होती. मार्च २००८ मध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात, वयाच्या ८२व्या वर्षी, काही क्षणांपुरती तीही पुरी झाली. १३ जून २०१४ रोजी बुडापेस्टमध्ये त्याचे निधन झाले.