उष्णतेचा जमाखर्च

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आधी एन्थाल्पीची व्याख्या येते, मग तिच्यातील बदलांचे प्रकार (निर्मितीचा, ज्वलनाचा, विरलनाचा, उदासिनीकरणाचा) आणि शेवटी हेसचा नियम. इतिहासात हा क्रम उलटा आहे. नियम १८४० सालचा. ‘एन्थाल्पी’ हा शब्द छापून आला १९०९ मध्ये. ‘तापवणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला लायडनच्या कामरलिंग ऑनेस यांनी, म्हणजे ज्यांनी आदल्याच वर्षी हेलियम द्रवरूप केला होता त्यांनी! नियम आणि नाव यांच्यामधली ही एकोणसत्तर वर्षे मला व्याख्येपेक्षा बोलकी वाटतात.

जर्मेन हेस यांचा जन्म १८०२ मध्ये जिनिव्हात झाला. लहानपणीच ते रशियात आले, दोर्पात येथे वैद्यक शिकले, स्टॉकहोमला बर्झेलियस यांच्याकडे थोडा काळ राहिले, सैबेरियातील इर्कुत्स्कला त्यांनी डॉक्टरकी केली आणि पुढे सेंट पीटर्सबर्गला ते रसायनशास्त्रात स्थिरावले.

तेथील त्यांचा प्रयोग साधा होता. संहत गंधकाम्लात पाणी मिसळले की उष्णता निघते. नंतर अमोनियाने त्याचे उदासिनीकरण केले की आणखी निघते. हेस पाण्याचे प्रमाण बदलत गेले. पाणी वाढवले की विरलनाची उष्णता वाढे, उदासिनीकरणाची घटे. बेरीज मात्र जवळपास तीच राही. वाट कोणतीही घ्या, एकूण उष्णता ठरलेली. मायर यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार मांडला तो १८४२ मध्ये. म्हणजे पैसा कशाला म्हणायचे हे ठरण्याआधीच हेस यांची खतावणी जुळली होती! हवेच्या स्थिर दाबाखाली त्यांनी मोजलेल्या त्या उष्णतेलाच आज आपण एन्थाल्पीतील बदल म्हणतो.

या जमाखर्चाचे खरे मोल, जे मोजता येत नाही तिथे कळते. कार्बन जाळून फक्त कार्बन मोनॉक्साइड मिळवणे अवघड. थोडा डायऑक्साइड होतोच. पण कार्बनच्या पूर्ण ज्वलनात मोलमागे ३९३.५ किलोज्यूल उष्णता निघते आणि मोनॉक्साइडच्या ज्वलनात २८३. वजाबाकी ११०.५, हीच मोनॉक्साइडच्या निर्मितीची उष्णता. ज्वलनाच्या दोन आकड्यांतून निर्मितीचा तिसरा हाती आला. म्हणून हे प्रकार मला वेगवेगळे कप्पे वाटत नाहीत. ती एकाच वहीतली खाती आहेत.

मात्र वहीला मर्यादाही आहे. पॅरिसचे बर्थेलो आणि कोपनहेगनचे थॉमसन यांनी पुढे असंख्य अभिक्रियांची उष्णता मोजली आणि जास्तीत जास्त उष्णता निघेल त्याच दिशेने अभिक्रिया जाते, असे मानले. पण नवसागर पाण्यात टाका : पाणी गार पडते, तरी तो विरघळतोच. किती उष्णता, हे हेस यांची वही सांगते. कोणत्या दिशेने, हे तिच्यात लिहिलेले नाही.