प्रॉटेस्टंट विमेन ऑफ द चॅपल

अमेरिकेच्या सैनिकी तळांवरील प्रॉटेस्टंट स्त्रियांचा उपासना व सेवासंघ. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील अमेरिकी सैनिकांची कुटुंबे १९४६ पासून तेथे येऊ लागली. अशा कुटुंबांतील स्त्रियांनी लष्करी चॅपलच्या आश्रयाने चालविलेल्या गटांतून १९५० नंतरच्या दशकात हा संघ आकारास आला. बायबलचे अध्ययन, प्रार्थनासभा व नवागत कुटुंबांना साहाय्य ही त्याची प्रमुख कार्ये होत. पतीच्या बदलीबरोबर सभासद पांगतात, म्हणून नेतृत्व वारंवार नव्या हाती जाते. तथापि दुसऱ्या तळावरही हाच संघ भेटत असल्याने विविध उपपंथांतील स्त्रियांना ओळखीचा आधार लाभतो.

सैनिकी धर्मोपदेशकाचे पद मात्र स्त्रियांना दीर्घकाळ बंद होते. अमेरिकन यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या तोफखाना रेजिमेंटने १८६४ मध्ये एला गिब्सन हिची या पदावर निवड केली. पण ती स्त्री असल्यामुळे युद्धमंत्री स्टँटन याने मान्यता नाकारली. पुढे नौदलात १९७३ मध्ये डायना पोलमन व भूसेनेत १९७४ मध्ये ॲलिस हेंडरसन या पहिल्या स्त्री-धर्मोपदेशक झाल्या. तोपर्यंत चॅपलमधील स्त्रियांचे सेवाकार्य अधिकारपदाविना, स्वेच्छेनेच चालले होते.