हजेरीपट, रेशन आणि सुकडी

दुष्काळात माणसांचे हाल धान्य नसतं म्हणून होतात, असं आपण सरसकट म्हणतो. पण पुष्कळदा धान्य गोदामात असतं, पैसा तिजोरीत असतो, मदत घेऊन एखादी संस्थाही आलेली असते. या तिन्हींची गाठ वेळेवर पडली नाही, तर चूल थंडच राहते. 1972-73 सालच्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर मी हंगामी हजेरी कारकून होतो. तिथे हे रोज दिसत होतं.

मी मूळचा रोह्याजवळच्या वरसे गावचा. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव पुढे 1981 साली आलं. आमच्याकडे कुंडलिकेच्या काठची भातशेती. पाऊस फार झाला म्हणून कपाळाला हात लावणारी आम्ही माणसं. घाटावर गेलो तर विहिरींचे तळ दिसत होते आणि चांगले वीस-वीस एकराचे धनी खडी फोडायला बसले होते. त्याआधीची दोन सालंही तिथे धड गेली नव्हती. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती.

एवढ्या माणसांना खायला काय? मुंबई बंदरात परदेशातून लाल ज्वारी उतरायची, ती मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची आणि चवीला नुसती माती. तरी तिच्यासाठी रेशनच्या दुकानापुढे रांगा लागत. गाजर गवत मिलोबरोबर आलं असं आजही लोक सांगतात. खरं तर पुण्यात त्याची नोंद 1950 च्या दशकातच झाली होती. पण त्या धान्यावर राग इतका होता की तेही तिच्याच नावावर जमा झालं!

आता गोम कुठे होती ते सांगतो. काम एका खात्याचं, रेशन दुसऱ्या खात्याचं. ओव्हरसियरने मापं घ्यायची, बिल तयार व्हायचं, मग पैसे. त्यात पंधरा-पंधरा दिवस जात. मधेच धान्याचा ट्रक यायचा, तेव्हा मजुराच्या कनवटीला दमडी नसायची. पगार हातात पडायचा तेव्हा दुकानात पोती झटकलेली. मधल्या दिवसांत सावकार आणि उधारीवाला किराणेवाला यांचं फावायचं. एका मुकादमाने मला सरळ विचारलं, “भाऊसाहेब, कागुद शिजवून खायाचा का आमी?”

शेवटी तहसीलदार, ओव्हरसियर, रेशन दुकानदार आणि तलाठी एका खोलीत बसले. ठरलं ते एवढंच : आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मजुराला उचल द्यायची, बाकीचा हिशेब मापं झाल्यावर; आणि ट्रक त्याच दिवशी यायचा. नवीन पैसा नाही, जादा धान्य नाही. तरी पुढच्या बाजाराला बायका पिशव्या भरून परतल्या.

सुकडीची गोष्ट वेगळी. भाजलेलं पीठ, गूळ, तेल यांचा तो कोरडा खाऊ स्वयंसेवी संस्था आणि सरकार यांच्या मेळातून कामावर येई. वाटप करणारे आधी विचारायचे, “डोकी किती?” मी हजेरीपट पुढे करायचो. पण पटावर फक्त राबणारी माणसं. झाडाला बांधलेल्या झोळीतलं पोर, त्याला सांभाळणारी सहा वर्षांची बहीण, घरी राहिलेली म्हातारी यांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती. एक आजी नातवाला काखेत मारून रोज यायच्या. म्हणाल्या, “सून पटावर हाय, म्या न्हाई. मंग मला भूक लागत न्हाई व्हय रं?” यावर मुकादमांनी टोळीवार दुसरी यादी केली, पोरं आणि म्हातारी माणसं धरून. संस्थेच्या माणसाने ती मान्य केली. साध्या वहीच्या कागदावरची ती यादी सरकारी हजेरीपटाइतकीच मोलाची होती.

हे दुखणं जुनंच. 1877 च्या दुष्काळात इंग्रज सरकारने कामावरच्या गड्याला दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणलं. लोक कामं सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. तेव्हा प्रश्न मजुरी किती हा होता. आमच्या वेळी ती केव्हा हाती पडते हाही झाला.

वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना या दुष्काळात रुजली. तिचा कायदा 1977 साली झाला, 1979 च्या 26 जानेवारीला लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला. 1990 नंतर याच योजनेतून फळबागांना पैसा मिळू लागला आणि कोकणात वरकस जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला. घाटावरच्या दुष्काळाचं आमच्या डोंगरउतारांवर हे एवढं ऋण आहे.

आमच्याकडे पाऊस भरपूर. पण भातकापणी संपली की कातकरी कुटुंबं अजूनही वीटभट्ट्यांकडे जातात. कुठे योजना निघाली की मी पहिल्यांदा विचारतो, पैसे कोणत्या वारी मिळणार, दुकान कोणत्या वारी उघडणार आणि यादीत लेकरं धरलीत का? रकमेचा आकडा सगळेच सांगतात. या तीन प्रश्नांना मात्र उत्तर द्यायला माणूस शोधावा लागतो.