भाव कुठपर्यंतचा?

दिवाळी अंक घरात आला की पहिली झडप कोणाची, यावरून आमच्याकडे दरवर्षी तंटा होतो. मुलांना व्यंगचित्रे हवी असतात, वडीलधाऱ्यांना राशिभविष्य, आणि गृहिणीच्या वाट्याला अंक येतो तो चकलीच्या तेलाचे बोट उमटल्यानंतर. या गडबडीत अंकाच्या कागदाचा आणि शाईचा विचार करायला कोणाला सवड आहे? मला मात्र ती खोड जडली आहे. आयुष्याची बरीच वर्षे छापखान्याच्या कचेरीत परदेशी व्यापाऱ्यांची दरपत्रके वाचण्यात गेली. दरपत्रक हा शब्द कोशातला; छापखान्यात त्याला कोटेशनच म्हणतात. लोक कादंबऱ्या वाचतात, मी कोटेशने वाचली. आणि खरे सांगतो वाचकहो, नायकाने मनातले लपवावे तसे कोटेशनही पुष्कळ लपवते.

कोटेशनात एक आकडा असतो आणि साऱ्यांचे डोळे त्यावर खिळतात. पण भाव म्हणजे नुसता आकडा नव्हे. किती मालाचा भाव, कोणत्या नाण्यात, आणि कुठपर्यंतचा, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तो आकडा मुका आहे. हे शहाणपण आपल्या मुद्रकांना कोणी शाळेत शिकवले नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ते पदरमोड करून मिळाले. त्याचीच ही हकीकत.

मुंबईत मराठी छपाईचा आरंभ झाला तोच मुळी परक्या मालावर. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१६-१७ च्या सुमारास इथे छापखाना घातला, तेव्हा देवनागरी खिळे कलकत्त्याहून आणावे लागले. त्याच मिशनच्या छापखान्यात काम पाहिलेले गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. या गृहस्थांनी यंत्राची खटपट स्वतः केली आणि शाईदेखील प्रयोग करकरून घरीच बनवली. चरबीच्या शाईचा विटाळ मानणाऱ्यांसाठी त्यांनी तुपाची शाई वापरली, अशी आठवण सांगतात. पुढे जावजी दादाजी याच मिशनच्या छापखान्यात लहान वयात कामाला लागले. १८६४ मध्ये त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या टाइपाचे वळण किती देखणे, हे जुन्या पोथ्या पाहिलेल्यांना सांगायला नको.

या दोघांच्या कर्तबगारीचे गुणगान आपण करतो ते योग्यच आहे. पण त्यातला व्यापारी अर्थ सहसा कोणी पाहत नाही. बाहेरचा माल घेताना भाव दुसऱ्याने सांगायचा आणि आपण मान डोलवायची. घरी शाई केली, खिळे पाडले, की मान डोलवण्याआधी निदान विचारता येते, "एवढे कशाचे हो?" जो वस्तू करू शकतो त्याला तिचा भाव वाचता येतो.

परंतु सारेच घरी करणे कोणाला साधले आहे? यंत्रे विलायतेची आणि जर्मनीची. शिळाछापाचा उत्तम दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आणले. ज्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आजीच्या देवघरात पोचल्या, त्यांच्यामागे अशी साता समुद्रांपलीकडची बिले होती.

आता पहिला प्रश्न घ्या: किती मालाचा भाव? कागद रिमावर विकला जातो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण रीम म्हणजे किती ताव? चोवीस तावांचा एक दस्ता आणि वीस दस्त्यांचे रीम, हा जुना हिशेब. म्हणजे ४८० ताव. दुसरे रीम ५०० तावांचे. छापताना वाया जाणारे ताव धरून ५१६ तावांचे रीमही मुद्रकांसाठी असे. समजा, एकाने १२ रुपये रीम म्हटले आणि दुसऱ्याने सव्वाबारा. घाईचा गिऱ्हाईक पहिल्याकडे धावेल. पण पहिल्याचे रीम ४८० चे असेल, तर रुपयाला ४० ताव पडले. दुसऱ्याचे ५०० चे असेल, तर जवळजवळ ४१. महाग दिसणारा स्वस्त निघाला! त्यावर वजनाची गंमत आणखी वेगळी. दोन्ही रिमे चोवीस पौंडांचीच असतील, तर ४८० वाल्याचा ताव किंचित जाड असणार. तेव्हा तावांची संख्या, तावाचे माप आणि वजन ही तिन्ही शेजारी शेजारी मांडल्याखेरीज दोन भावांची तुलना म्हणजे केळी आणि नारळ एकाच काट्यात घालणे.

दुसरा प्रश्न नाण्याचा. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये विलायतेची समुद्री तार मुंबईला येऊन भिडली. ज्या भावाला पूर्वी पत्रातून यायला आठवडे लागत, तो आता तारेने येऊ लागला. सोय झाली खरी; पण त्याच दशकात रुपयाची घसरगुंडी सुरू झाली. जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, इतर देश मागोमाग गेले, चांदी स्वस्त झाली, आणि आपला रुपया तर चांदीचा!

विलायतेच्या १०० पौंडांच्या एकाच बिलाचा प्रवास पाहा. पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे बिल २४,००० पेन्सचे. १८७०च्या सुमारास रुपयाला २ शिलिंग, म्हणजे २४ पेन्स धरले, तर १००० रुपयांत काम भागे. १८९४-९५ मध्ये रुपया १३ पेन्सवर आला. तेच बिल १८४६ रुपयांचे झाले. विलायतेच्या व्यापाऱ्याने एक पैसुद्धा वाढवली नव्हती! सरकारने १८९३ मध्ये टाकसाळी चांदीला बंद केल्या आणि पुढे १६ पेन्सचा दर बसवला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून या प्रथेचा श्रीगणेशा केला, त्या साली आपले बिल १५०० रुपयांचे होते. १९२७ मध्ये दर १८ पेन्स ठरला आणि ते १३३३ रुपयांवर उतरले. हा दर इतका टिकला की पौंडाचे तेरा रुपये पाच आणे हा जणू निसर्गनियमच, असे दोन पिढ्यांना वाटू लागले. मग ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. पौंड २१ रुपयांवर गेला आणि १३३३ चे २१०० झाले. माल बोटीत, बिल उधारीवर आणि करार पौंडांत, अशा स्थितीत जे सापडले त्यांची ती रात्र कशी गेली असेल याची कल्पना करावी. पुस्तकाची किंमत आधीच जाहीर झालेली. ती छापून बसलेल्या प्रकाशकाने वाचकाकडे कोणत्या तोंडाने जादा मागावे?

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत वडील: भाव कुठपर्यंतचा? कोटेशनच्या आकड्यापुढे तीन अक्षरे असतात. एफ. ओ. बी. म्हणजे माल त्यांच्या बंदरात बोटीवर चढेपर्यंतचा भाव. पुढचे बोटभाडे आणि विमा आपल्या शिरावर. सी. आय. एफ. म्हणजे मालाची किंमत, विमा आणि आपल्या बंदरापर्यंतचे भाडे, सारे मिळून. या अक्षरांचे अर्थ देशोदेशी निरनिराळे लावले जात. म्हणून पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने १९३६ मध्ये त्यांच्या व्याख्या छापल्या. त्या वेळोवेळी सुधारत गेल्या. २०२० च्या आवृत्तीत अशा अकरा संज्ञा आहेत.

सी. आय. एफ. मध्ये एक मेख आहे. भाडे विकणारा भरतो, म्हणून माल मुंबईला पोचेपर्यंत जोखीमही त्याचीच, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. माल त्यांच्या बंदरात बोटीवर चढला की जोखीम घेणाऱ्याची झाली. विमा विकणारा उतरवतो खरा, पण करारात अधिक काही मागितले नसेल तर कमीत कमी संरक्षणाचा. माझ्या ओळखीच्या एका छापखान्याचा कागद वाटेत समुद्राचे पाणी शिरून भिजून आला. मालकाने विकणाऱ्याला कडक पत्र लिहिले. उत्तर मोठे नम्र होते: माल आमच्याकडून कोरडा निघाला, बोटीची पावती सोबत आहे. विमावाल्यांनी कलम दाखवले. पाणी शिरण्याची जोखीम त्या स्वस्त विम्यात नव्हतीच. शेवटी तो कागद रद्दीच्या भावाने गेला, आणि दिवाळीच्या तोंडावर कामगारांना बोनस देण्यासाठी मालकाने घरातले सोने गहाण टाकले. तीन अक्षरांचा अर्थ असा त्या घरातल्या बायकांच्या हातांवरून उतरला.

बंदर गाठले म्हणजे संपले, असेही नाही. जकात आकारताना बोटभाडे आणि विमा धरूनच किंमत काढतात, मग कोटेशन एफ. ओ. बी. का असेना. भाड्याचा आकडा दाखवता आला नाही, तर २००७ च्या नियमांप्रमाणे मालाच्या किमतीचे वीस टक्के भाडे म्हणून धरले जाते. शिवाय बंदराचे आकार, दलाली आणि ट्रकभाडे. हे सारे मिळवून जो आकडा येतो त्याला व्यापारात 'घरपोच पडता' म्हणावे. दोन कोटेशनांची तुलना करायची ती या पडत्याची. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे तर याच्याही आधी परवान्याचा प्रश्न असे. १९६२ च्या हुकुमाने वृत्तपत्री कागदावर नियंत्रण आले. नेपानगरची गिरणी १९५५ पासून चालू होती, पण तिच्यावर साऱ्या देशाची भूक भागत नव्हती. तेव्हा भाव उत्तम आणि परवाना नाही, अशी मौज होती. १९९१ नंतर परवान्यांचा जाच सरला आणि कोटेशन वाचण्याचे काम पुन्हा मुद्रकाच्या स्वतःच्या डोळ्यांवर आले.

आज खिळे गेले, शिळा गेल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातला तरुण टोनरच्या डब्या परदेशातून मागवतो आणि त्याची कोटेशने फोनवर येतात. पण पाहा, रीमच पुन्हा वेष पालटून आले आहे! "दहा हजार पानांची डबी" म्हणजे कोणती पाने? काळ्या टोनरची पाने मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत २००४ मध्ये ठरली. ठराविक नमुन्याचे पान छापत जायचे आणि डबी संपेपर्यंत मोजायचे. ती पद्धत वापरली आहे की कोणी अंदाजाने दहा हजार लिहिले आहे, हे कोटेशनात विचारून घ्यावे लागते. लग्नपत्रिकेवर पानभर गणपती छापणाऱ्याला तेवढी पाने मिळणारच नाहीत, हे तर उघड आहे. त्यात डॉलरचा दर आणि तीच तीन अक्षरे! भाव किती दिवस कायम, याची तारीख नसेल तर तो भाव म्हणजे केवळ शुभेच्छा.

म्हणून नव्या मुद्रकांना मी एवढेच सांगतो, की विकणाऱ्याला संकोच न करता विचारा. रिमात ताव किती, पैसे कोणत्या नाण्यात, माल कुठे आमचा होणार, विम्यात काय बसते, भाव कधीपर्यंत. प्रामाणिक व्यापारी अशा प्रश्नांनी रागावत नाही, उलट गिऱ्हाईक जाणता आहे असे समजून नीट वागतो. गणपत कृष्णाजींसारखी शाई घरी घोटणे आज कोणाला जमणार नाही. पण ती शाई कशाची आणि तिचा भाव कुठपर्यंतचा, हे विचारायला भट्टी लागत नाही. एक पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो.